शहाणी झालेली झुंबर

माघातल्या त्या गुरुवारी कस्तुराबाईने माहेरच्या उंबऱ्यात पाऊल टाकलं, आणि पाण्याचा तांब्या पुढे येण्याआधी बातमी पुढे आली. नंदाबाई म्हणाली, "वन्सं, आपली झुंबर लय शहाणी झाली बघा."

कस्तुराबाईने डोक्यावरची पाटी उतरवून भावजयीच्या तोंडाकडे पाहिलं. वडिवळ्याहून कामशेतपर्यंत दोन कोस पायपीट, मग गाडी, मग मळवलीच्या फाटकापासून वरच्या आळीपर्यंतची चढण. एवढं करून आल्यावर माणसाला थट्टा कळायला जरा वेळ लागतो. पण नंदाबाई थट्टा करत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर पीक घरात आल्यावर असतं तसं समाधान होतं. झुंबर आता उलटून बोलत नाही, दूध उतू घालवत नाही, कुणाच्या बोलण्यात तोंड खुपसत नाही, दिल्या जागी बसून राहते, असं तिने एका दमात सांगितलं. आणि म्हणूनच इंदुरीच्या पाहुण्यांना आता बोलवायची छाती झाली, असंही सांगितलं. रविवारी पाहुणे येणार होते. कस्तुराबाईला निरोप त्याचसाठी गेला होता.

झुंबर ही कस्तुराबाईच्या भावाची, मारुतीची, थोरली लेक. सतरा सरून अठरावं लागलेलं. पोरीच्या पायाला भिंगरी आणि जिभेला चाक. विहिरीवर घागर भरायला जायची आणि वाटेत कुणाची म्हैस व्याली म्हणून तिकडेच थांबायची. घागर विहिरीवर, चुंबळ म्हशीपाशी आणि झुंबर तिसरीकडेच. सातवीपर्यंत शाळेत होती, तेव्हा मास्तर म्हणायचे की पोरीला डोकं आहे, बैठक नाही. पण मनात भरलं तर हीच झुंबर जागची हलायची नाही. मारुती शेती सांभाळून मुंबईच्या एका शेटचा बंगला राखायचा. तिथल्या बागेत एकदा माळ्याने तिला गुलाबाची कलमं बांधायला शिकवली, तर दिवसभरात चाळीस कलमं बांधून, दोन्ही जेवणं विसरून, रक्ताळलेली बोटं नाचवत ती घरी आली होती.

राग यायचा तो वावटळीसारखा. कुणी नुसतं "अगं" म्हटलं, तरी तिला ते इंगळीसारखं डसायचं. मग आरडाओरडा, रडणं, भांडं आपटणं. घटकाभरात वावटळ निघून जायची आणि ही हसत हसत जेवायला काय आहे विचारायची. ज्यांच्यावर धूळ उडाली ते मात्र दिवसभर डोळे चोळत बसायचे. घरात कुणालाच ती नकोशी नव्हती. पण सगळे तिच्यामुळे थकले होते, हे खरं.

आणि गणपतीत ती बंगल्याची गोष्ट झाली. शेटचे व्याही यायचे होते म्हणून झुंबरने खोल्या झाडल्या, गाद्या घातल्या, वारा लागावा म्हणून खिडक्या उघडल्या, आणि मागच्या वाफ्यात कलमाला कळी आली का बघायला गेली ती तिकडेच रमली. दुपारभर पावसाची झड आत शिरत राहिली. संध्याकाळी व्याही आले तेव्हा गाद्या पिळून पाणी निघत होतं. शेट मारुतीला पाहुण्यांसमोर बोलला. मारुती घरी आला तो तोंड काळंठिक्कर करून. शेजारची चार माणसं ओट्यावर बसली होती, त्यांच्यादेखत तो लेकीला म्हणाला, "तू ह्या घरात जन्मलीच नसतीस तर बरं झालं असतं."

झुंबरने फळीवरची उतरंड अंगणात भिरकावली आणि घसा बसेपर्यंत ओरडली. ही हकीकत वडिवळ्यापर्यंत पोचली होती. पुढची मात्र पोचली नव्हती. त्या दिवसानंतर झुंबरने आवाज चढवला नव्हता. पाच महिने झाले होते.

"मंग चांगलंच झालं की," कस्तुराबाई म्हणाली आणि पाय धुवायला मोरीकडे गेली. पण तिला ते चांगलं वाटलं नव्हतं, आणि का वाटलं नव्हतं हे तिचं तिलाच अजून सापडलं नव्हतं.

संध्याकाळी तिने भाचीला हटकून पाहिलं. आत्या-भाचीची जुनी रीत होती: आत्याने खोड काढायची, भाचीने चारपट परत करायची, आणि शेवटी दोघींनी हसून लोळायचं. कस्तुराबाई म्हणाली की इंदुरीच्या किल्ल्यातली वटवाघळं झुंबरच्या केसांपेक्षा नीटनेटकी असतात. झुंबर म्हणाली, "व्हय आत्या." आत्याने आणलेले तिळाचे लाडू झुंबरने घेतले, बरे आहेत म्हणाली, आणि अर्धा लाडू हळूच कोनाड्यात ठेवून दिला. तांदूळ निवडायला बसली तर सूप मांडीवर तसंच राहिलं. बोट एकाच खड्याशी थांबलेलं.

ओट्यावर आबा बसले होते. कोंडाजी आबा म्हणजे मारुती आणि कस्तुराबाईचे वडील, ऐंशीच्या घरातले, दोन्ही कानांनी अधू. लेकीला जवळ बसवून त्यांनी आपलं गाऱ्हाणं सांगितलं. आतापर्यंत थोडंफार ऐकू यायचं, पण गणपतीपासून कान पार गेले; घरात कुणाचाच आवाज येत नाही.

कस्तुराबाईने मोठ्याने विचारलं, "मंग आता माझं बोलनं येतंय का?"

आबा विचारात पडले. "तुजं येतंय की," ते म्हणाले.

तेव्हा कस्तुराबाईला सापडलं. आबांचे कान होते तसेच होते. घरातला आवाजच गेला होता.

दुसऱ्या दिवशी धुणं घेऊन दोघी ओढ्यावर गेल्या. कस्तुराबाईने मुद्दामच सावकाश धुतलं, इकडचं तिकडचं बोलली, आणि लुगडं पिळताना पलीकडचं टोक झुंबरच्या हाती देऊन सरळ विचारलं, की बये, तुला होतंय तरी काय.

झुंबरने आपल्या बाजूने पीळ दिला. मग लुगड्याच्या पिळाकडे बघत म्हणाली, "कायच व्हत न्हाई, आत्या. राग बी येत न्हाई आन् हसू बी येत न्हाई. सकाळी उठायचं म्हनलं की अंगावर गोणी ठेवल्यावानी वाटतं. पर मी गप ऱ्हायली की समदी खूस असत्यात. मंग म्हनलं, असंच ऱ्हावं."

"आन् लगीन?"

"कुनाला तरी नेऊ द्या की. हितं न्हाई तर तितं."

कस्तुराबाईने लुगडं खडकावर पसरलं. हात कामात होते म्हणून बरं. कारण तिला सदोतीस वर्षांपूर्वीची वडिवळ्याची सून आठवली होती, म्हणजे ती स्वतःच. तीही माहेराहून असंच वारं प्यायलेलं वासरू होऊन गेली होती. तिथे उठता-बसता चुका निघाल्या, आणि वर्षभरात सून अशी गप झाली की सासू गावभर कौतुक सांगत फिरली. कुणाला कळलं नव्हतं की ती पोर आतून विझली आहे. पुढे गुराखी आजारी पडला, सासऱ्याने नाइलाजाने हिला गुरांमागे धाडलं, आणि डोंगरात चार महिने पाय तुटेस्तोवर हिंडल्यावर, म्हशींना शिव्या घालता घालता, हळूहळू ती माणसात आली. हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं आहे असंच वाटलं नव्हतं.

घरी येऊन तिने नंदाबाईला परड्यात गाठलं. पोर शहाणी झालेली नाही, आजारी आहे. अशी लग्नात उभी करू नका, थोडं थांबा, असं परोपरीने सांगितलं. नंदाबाईने ऐकून घेतलं आणि मग तिचा बांध फुटला. सतरा वर्षं लोकांच्या तक्रारी तिने ऐकल्या होत्या. कुणाची मडकी फुटली, कुणाला पोर उलट बोलली, कुणाची गाय सोडून आली. आता कुठे पाच महिने सुखाचा घास घशाखाली उतरत होता, तर वन्संना त्यातही खोट दिसावी? बोलता बोलता तिने नणंदेचा हात धरून आपल्या डोक्यावर ठेवला. "पाव्हन्यांम्होरं तुमी बोलनार न्हाई. माझी आन हाय तुमाला."

कस्तुराबाईने आण घेतली. भावजय रडत असताना दुसरं काय करणार?

रविवारी पाहुणे आले. मुलाचा बाप नथू, शांत, जाडजूड मिशांचा शेतकरी. मुलाची आत्या सरूबाई, जी बोलायची जास्त आणि ऐकायची कमी. आणि मुलगा विठ्ठल, पिंपरीच्या कारखान्यात नुकताच लागलेला, इस्त्रीची विजार घालून आलेला आणि ती चुरगळू नये म्हणून सतरंजीवर अवघडून बसलेला. पोहे झाले, झुंबरने चहा दिला. इंद्रायणीकाठच्या भाताची आणि मळवलीच्या भाताची तुलना झाली, दोन्ही बाजूंनी दुसऱ्याचा भात चांगला म्हटलं आणि मनात आपलाच धरला. आबांना काही ऐकू येत नव्हतं, पण ते प्रत्येक वाक्यानंतर मान डोलवत होते, त्यामुळे पाहुणे त्यांच्यावर खूष होते.

मग झुंबर येऊन पाटावर बसली. नाव, शिक्षण, स्वयंपाक, सगळ्याची उत्तरं तिने खाली मान घालून दिली. सरूबाईचा चेहरा फुलत गेला. घरात थोरली सून होती तिच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालतो, असं तिने मळवलीकरांना सांगून टाकलं. अशी मवाळ पोरगी दिवा घेऊन शोधली तरी मिळायची नाही. मग लाडात येऊन तिने विचारलं, "तुला काय काय आवडतं गं, बाई?"

झुंबर म्हणाली, "तुमी सांगाल ते."

सरूबाईने कौतुकाने नथूकडे पाहिलं. नंदाबाईने मारुतीकडे पाहिलं. मारुती सुपारीच्या ताटाकडे हात नेत होता. आणि कस्तुराबाईला ते बोलणं ओळखीचं वाटलं. हेच तीन शब्द तिनेही सासूला दिले होते, अगदी ह्याच आवाजात.

"थांब, मारुती," ती म्हणाली.

नंदाबाईने डोळे वटारले. कस्तुराबाईने तिच्याकडे न बघता, नथूकडे तोंड करून बोलायला सुरुवात केली. पोर गुणाची आहे. पण तुम्ही बघताय ती ही पोर नव्हेच. खरी झुंबर वाऱ्यावरची आहे, विसरभोळी आहे, रागीट आहे, आणि हसली की ओटा हलतो. पाच महिन्यांपूर्वी ती आतून मिटली. खात नाही, झोपत नाही, रडतसुद्धा नाही. "ही गप न्हाई, पाव्हनं. ही आजारी हाय. माझी भाची हाय म्हनून सांगतीया. आज सुपारी फोडली तर तुमची बी फसगत आन् तिची बी."

मारुतीचा हात ताटावरच राहिला. सरूबाई उठून उभी राहिली आणि म्हणाली की आजारी पोर गळ्यात बांधायला आम्हीच सापडलो का. नथूने तिला हाताने खाली बसवलं.

तेवढ्यात विठ्ठल, ज्याने सकाळपासून तोंड उघडलं नव्हतं, तो म्हणाला, "मला बी तसंच वाटलं. चहा माझ्या हातावर सांडला तरी त्यांचं ध्यान न्हवतं." आणि सगळ्यांनी आपल्याकडे पाहिलं तसा लाजून विजारीची घडी नीट करू लागला.

नथू उठला. खरं बोललात हे बरं झालं, असं म्हणाला. आज सुपारी राहू दे, पोर बरी होऊ दे, पुढचं पुढे. जाताना त्याने आबांना वाकून नमस्कार केला. आबांनी "अष्टपुत्रा" म्हणून आशीर्वाद दिला, कारण त्यांच्या हिशेबाने लग्न ठरलं होतं.

पाहुणे वळणापलीकडे गेले आणि घरात स्फोट झाला. मारुती बहिणीला इतकं कधी बोलला नव्हता. माझ्या दारात येऊन माझी अब्रू घालवलीस, तुझं लेकरू असतं तर अशी बोलली असतीस का, उद्या गावात तोंड कसं दाखवू. एक ना दोन. नंदाबाईने तर आण मोडली म्हणून नणंदेकडे पाठच फिरवली. कस्तुराबाईने सगळं ऐकून घेतलं. अशा वेळी तिचीही जीभ एरवी मागे राहायची नाही, पण आज तिला भांडायचं नव्हतं.

तिने फक्त झुंबरला जवळ बोलावलं आणि तिच्या डाव्या हाताची काकणं वर सरकवली. मनगटाच्या वर चार बोटं रुंद भाजलेलं होतं, वर पिवळट खपली धरलेली. ओढ्यावर लुगडं पिळताना तिला ते दिसलं होतं.

नंदाबाई वळली. "आगं, हे कवा भाजलं?"

"गेल्या सोमवारी. तव्यानं."

"मंग बोलली का न्हाईस?"

झुंबरने खांदे उडवले. "तू म्हनली असतीस, ध्यान कुटं व्हतं."

नंदाबाई खरंच तेच म्हणाली असती. आठवडाभर लेक ह्याच हाताने भाकरी थापत होती, भांडी घासत होती, आणि आई शेजारणींना तिचं शहाणपण सांगत होती. तिने पोरीचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि त्यावर फुंकर घालू लागली, जशी दोन वर्षांच्या मुलाला घालतात. फुंकर घालता घालता रडू लागली. मग मान वर करून नवऱ्याला म्हणाली, "वन्संला बोलू नगा. त्या बरुबर बोलल्या."

मारुती एकटा पडला. त्याने आबांकडे पाहिलं. सगळं आबांच्या कानात ओरडून सांगावं लागलं; ते ऐकून आबांनी निकाल दिला की पोर कस्तुरासंगे वडिवळ्याला जाईल, आणि बरी झाल्याशिवाय तिच्या लग्नाचं नाव ह्या घरात निघणार नाही. झुंबरला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून कस्तुराबाईने विचारलं. ती म्हणाली, "येते." "तुमी सांगाल ते" म्हणाली नाही, एवढं आत्याने टिपलं.

सोमवारी सकाळी मारुती दोघींना पोचवायला स्टेशनवर आला. बोचकं त्याने स्वतःच्या डोक्यावर घेतलं होतं. फलाटावर ओळखीचे पाचसहा जण होते. गाडीचा सिग्नल पडला तेव्हा तो रुळांकडे बघत म्हणाला, "झुंबरे, गणपतीत मी जे बोललो ते माझं चुकलं. तसं न्हवतं माझ्या मनात."

झुंबरने त्याच्याकडे पाहिलं. "मंग तवाच का न्हाई म्हनला?" ती म्हणाली. "पाच महिनं, दादा! पाच महिनं मी..." आणि तिला रडू फुटलं. साधं नव्हे, पाच महिन्यांचं, मोठ्याने, फलाटभर ऐकू जाणारं. लोक वळून बघू लागले. गाडी आली, उभी राहिली. "गप" म्हणायला मारुतीचं तोंड उघडलं, आणि मिटलं. तो बोचकं खाली ठेवून लेकीच्या शेजारी फरशीवर बसला. गार्डाने चढताय का विचारलं तर त्यानेच हात हलवून गाडी जाऊ दिली.

पुढच्या गाडीला दीड तास होता. झुंबर दमून थांबली, तेव्हा कस्तुराबाईने दुपारसाठी बांधलेली भाकरी सोडली. तिघांनी फलाटावरच खाल्ली. झुंबरने दीड भाकरी खाल्ली आणि मारुतीने आपला कांदाही तिच्यापुढे सरकवला.

एका रडण्याने माणूस बरं होत नाही, हे कस्तुराबाईला ठाऊक होतं. वडिवळ्यात पहिला महिना कठीण गेला. कामशेतच्या डॉक्टरने झोपेचं औषध दिलं आणि हे नाटक नव्हे, आजार आहे, असं सांगितलं, ते बरं झालं. घरातल्यांना तेवढा आधार पुरला. एखाद्या दिवशी झुंबर भिंतीकडे तोंड करून पडून असायची. त्या दिवशी कस्तुराबाई तिला उठवत नसे, फक्त शेजारी बसून शेंगा सोलत असे. उठली की बसायचं काम द्यायची नाही, पायांचं द्यायची: गुरं, पाणी, डोंगरातला पाला. एका वेळी एकच काम सांगायची, आणि ते संपल्यावर दुसरं. विसरली तर ओरडायची नाही. दाराच्या चौकटीला कोळशाने रेघा मारून दिल्या होत्या, सकाळी तीन कामं असली तर तीन रेघा, झालं की पुसायची. राग येईलसं वाटलं तर बांधाच्या टोकापर्यंत जाऊन यायचं आणि मग बोलायचं, हेही ठरवलं. पण राग यायला मुळात चैत्र उजाडला.

तो आला तो कोंबड्यांवरून. झुंबरने नदीकाठच्या परड्यात स्वतःच्या हाताने अकरा कलमं लावली होती, रानगुलाबावर देशी गुलाब बांधून. कस्तुराबाईने सकाळी खुराडा उघडला आणि झाकायचा विसरली. कोंबड्यांनी वाफा उकरून सात कलमं उताणी पाडली. झुंबर आली, तिने पाहिलं, आणि ती बांधाच्या टोकापर्यंत गेली. परत आली तेव्हाही राग होताच. मग ती आत्याला जे बोलली ते शेजारच्या तीन घरांनी ऐकलं. डोकं कुठं होतं, एवढं साधं कळत नाही का, माणसाने एका वेळी एकच काम करावं! कस्तुराबाईनेही मागे पाहिलं नाही. अर्धा तास दोघी अंगणात कडाकडा भांडल्या. शेवटी झुंबर म्हणाली की तुझ्या डोक्यापेक्षा कोंबडीचं डोकं मोठं आहे, आणि हे बोलल्यावर तिचं तिलाच हसू आलं. ती हसली ती ओट्याची कड धरून.

दुसऱ्या दिवशी कस्तुराबाई एकटीच मळवलीला गेली. असल्या गोष्टी निरोपाने सांगायच्या नसतात. नंदाबाईने तिला एकटी पाहून छातीवर हात ठेवला. मारुती बैलाला वैरण टाकत होता, तो पेंढा हातात घेऊनच आला.

"काल झुंबर माझ्याशी भांडली," कस्तुराबाई म्हणाली. "अर्धा तास."

नंदाबाई पदराने डोळे पुसत हसू लागली. आबांना काय झालं ते कळेना, म्हणून कस्तुराबाईने त्यांच्या कानात ओरडून सांगितलं. ते म्हणाले, "आता आलं ऐकू."

मारुती तसाच उभा होता. हातातला पेंढा त्याने ह्या हातातून त्या हातात घेतला.

"आन् जितलं कोन, अक्का?" त्याने विचारलं.

"तीच की," कस्तुराबाई म्हणाली. "चूक माझी व्हती."